आधी विचारावे, मग मोजावे

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील हमरापूर हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गणेशमूर्तींमुळे. हमरापूर, जोहे, कळवे या गावांतील कारखान्यांतून निघालेल्या मूर्ती मुंबई-पुण्यापासून थेट परदेशापर्यंत जातात. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हमरापूरचे स्थानकही आहे. परंतु या परिसराची आणखी एक ओळख आहे, जी मूर्ती न्यायला येणाऱ्या पाहुण्याच्या दृष्टीस सहसा पडत नाही. पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवर आणि गावकुसाबाहेरच्या माळावर कातकऱ्यांच्या वाड्या वसलेल्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात या समाजाची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार आहे, आणि त्यांतील मोठा भाग रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांत राहतो. माडिया गोंड आणि कोलाम यांच्याबरोबर कातकऱ्यांची गणना शासनाने विशेष असुरक्षित आदिम जमातींत केली आहे.

अशा समाजाकडे पाहणी करणारे लोक वारंवार येतात. कोणी रक्त तपासतो, कोणी मुलांची वजने घेतो, कोणी प्रश्नावली भरून घेतो. येणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. तरीही वाडीला त्यातून काय मिळाले, असा प्रश्न केला तर उत्तर पुष्कळदा मौनाचे असते. म्हणून या लेखात आम्ही एकाच प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत. लहान, गरीब आणि वेगळी बोली बोलणाऱ्या समाजाच्या आरोग्याचे संशोधन कोणत्या रीतीने केले असता ते त्या समाजाचेही होते? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात शोधण्याआधी आपल्याच प्रांताच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते. त्या इतिहासात चुकाही आहेत आणि उजळ उदाहरणेही.

साथ आणि संशय

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. गोव्यातील हडफडे येथे जन्मलेले हे कॅथलिक डॉक्टर पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावावर त्यांचा पुतळा उभा आहे. त्या साथीत मुंबई-वांद्र्याच्या गावठाणांतील आपल्या पूर्वजांनी रक्षणासाठी प्रार्थना करीत चौकाचौकांत क्रूस उभारले. त्यांतील कित्येक आजही ‘प्लेगचे क्रूस’ म्हणून ओळखले जातात. प्रत्येक कुटुंबात मरण आलेले होते, हे ते दगड अजून सांगतात.

सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. घरांची झडती, रुग्णांना बळाने रुग्णालयात नेणे, सामानाची जाळपोळ हे प्रकार सुरू झाले. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, संतापलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात सैनिक घराघरांत शिरले, आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. रोगाचा बंदोबस्त आवश्यक होता, यात शंका नाही. पण ज्यांच्या घरात शिरायचे त्यांच्याशी बोलायचेच नाही, ही रीत रोगाइतकीच भयकारक ठरली.

याच काळात डॉ. वॉल्डेमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे सांगितले गेले, आणि लस गुणकारी ठरली हेही खरे. परंतु कैद्याच्या ‘हो’ला कितपत स्वातंत्र्य असते, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी केला नाही. पुढे जगाला तो करावाच लागला.

त्याच लसीची दुसरी कथा अधिक बोधप्रद आहे. मुंबईतील खोजा समाजाचे तरुण प्रमुख तिसरे आगाखान यांनी हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली, स्वतः सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि आपल्या लोकांना तसे करण्यास सांगितले. खोजा समाजातील दहा ते बारा हजार लोकांनी लस घेतली. लस तीच, शहर तेच आणि भीतीही तीच होती. फरक पडला तो आपला माणूस पुढे झाल्यामुळे. लहान समाज विज्ञानाला नाही म्हणतो असे आपण सहज बोलतो. खोजांनी ते खोटे ठरविले.

विश्वास मिळवणे कठीण आणि गमावणे सोपे, हेही लवकरच दिसून आले. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी लसीच्या एका बाटलीत दोष शिरून १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला. त्यांना निर्दोष ठरविण्यास १९०७ साल उजाडले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

मांडव्याच्या बायका

प्लेगच्या काळात लोक केवळ टोचून घेणारे होते. त्यांना ज्ञानाच्या कामात भागीदार करण्याचा विचार यायला पुढे सात-आठ दशके लागली, आणि त्या विचाराचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला. हमरापूरपासून फार दूर नसलेल्या अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात १९७० च्या दशकात डॉ. नोशीर अंतिया यांनी तो केला. कुष्ठरुग्णांच्या शस्त्रक्रियांसाठी नावाजलेले हे प्लास्टिक सर्जन मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम करीत. शहरातील मोठ्या रुग्णालयांचा खेड्यातील माणसाला उपयोग किती, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

मांडव्याच्या आसपासच्या सुमारे तीस गावांत त्यांनी स्थानिक बायकांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील पुष्कळजणी फारच थोड्या शिकलेल्या होत्या. परंतु कोणत्या घरात खोकला महिनाभर थांबलेला नाही, कोणाच्या अंगावर बधिर चट्टा आहे, कोणती सून बाळंत व्हायची आहे, हे त्यांना ठाऊक असे. क्षय आणि कुष्ठरोग लवकर ओळखण्यात या बायका निष्णात ठरल्या. कुष्ठरोगाचा चट्टा परक्या माणसाला न दाखवणारी बाई शेजारणीला तो दाखवते, एवढे साधे त्याचे कारण होते.

हा प्रयोग फार वर्षे टिकला नाही. गावच्या पुढाऱ्यांनी आणि प्रस्थापित हितसंबंधीयांनी त्याला विरोध केला. गरीब बायकांच्या हाती ज्ञान आणि औषध आले की गावातील सत्तेची घडी विस्कटते, हा त्याचा अर्थ. मात्र त्यातून मिळालेला विचार वाया गेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद यांनी १९८१ मध्ये सर्वांसाठी आरोग्य या विषयावर जो संयुक्त अहवाल प्रसिद्ध केला, त्याच्या घडणीत डॉ. अंतिया यांचा वाटा होता. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

गडचिरोलीचा धडा

मांडव्यात लोक आरोग्यसेवेचे भागीदार झाले. संशोधनाचा प्रश्नच लोकांनी ठरवावा, ही पुढची पायरी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, गाठली गेली. अभय व राणी बंग हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ पासून त्यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत तेथे काम आरंभिले.

आरंभी त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा शोध घेतला आणि तो जिल्ह्यात आढळतो हे दाखवून दिले. वैद्यकीय दृष्टीने ते महत्त्वाचेच होते. परंतु लोकांशी बोलल्यावर त्यांच्या ध्यानी आले की हा प्रश्न डॉक्टरांना मोठा वाटत असला तरी लोकांच्या मनात तो पहिला नव्हता. लोकांना छळत होती दारू, आणि त्यांची तान्ही मुले मरत होती. पुढील काम या दिशेने वळले. दारूविरुद्ध लोकांचे आंदोलन उभे राहिले आणि १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली.

रुग्णालय बांधतानाही त्यांनी आदिवासींना विचारले. उत्तरे डॉक्टरांना न सुचणारी होती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, पांढऱ्या कपड्यांतील डॉक्टर-परिचारिका पाहून प्रेताला गुंडाळतात त्या कापडाची आठवण होते, आमची माणसे आमच्याजवळ राहू द्या, असा त्या बोलण्याचा आशय होता. म्हणून शोधग्राममधील रुग्णालय आदिवासी पाड्यासारखे, झोपड्यांचे झाले आणि त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. हे लोक दवाखान्यात येत नाहीत, ही तक्रार आपण कित्येकदा ऐकतो. ते का येत नाहीत, हे त्यांनाच विचारण्याचे मात्र क्वचितच कोणाला सुचते.

डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खेड्यातील स्त्रीच्या आरोग्याचा विचार तोवर कुटुंबनियोजनापलीकडे फारसा जात नव्हता. या अभ्यासाने तिच्या मुकाट्याने सोसलेल्या दुखण्याची दखल जगाला घ्यायला लावली.

मुलांच्या न्यूमोनियाविषयीचे काम तर आमच्या वाचकांना विशेष भावेल. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्याचा पन्नास किंवा अधिक झाला की धोका. पण गावातील सुइणींना बारापुढे मोजता येत नसे. नेहमीचा विचार असा झाला असता की या बायका या कामाच्या नव्हेत. येथे विचार उलटा झाला. मण्यांचे एक साधे उपकरण तयार करण्यात आले. सुईण दहा श्वास मोजी आणि एक मणी सरकवी. वाळूच्या घड्याळातील वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर तो न्यूमोनिया. आपल्या जपमाळेतील दशकाची ज्या हातांना सवय आहे, त्यांना या युक्तीतील शहाणपण वेगळे सांगायला नको. बाईला साधनाजोगी होण्यास न सांगता साधन बाईजोगे केले गेले.

पुढे ३९ गावांत प्रशिक्षित स्थानिक स्त्रियांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, आणि तुलनेसाठी ४७ गावांतील नोंदी ठेवल्या गेल्या. ज्या गावांत ही सेवा होती तेथे हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बालके दगावत असत. सेवेच्या तिसऱ्या वर्षी तो आकडा सुमारे २५ वर आला. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर घरोघरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करू लागल्या. ज्यांना निरक्षर म्हणून बाजूस सारले जात होते, त्यांच्या अंगणातून निघालेले ज्ञान अशा रीतीने साऱ्या देशाच्या कामी आले.

सही कोणाची?

गडचिरोलीचे उदाहरण डोळ्यांसमोर असतानाही जुनी वाट सुटली नाही. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा एक प्रकल्प राबविण्यात आला. खम्मम येथे सुमारे १४ हजार मुलींना लस देण्यात आली. त्यांतील कित्येकजणी आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली होत्या, आणि अनेकींच्या संमतिपत्रावर आई-वडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. परंतु संमती घेण्याच्या पद्धतीवर संसदीय समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले.

या प्रकरणाचे दुःख दुहेरी आहे. लस स्वतः उपयुक्त आहे आणि अनेक देशांत ती दिली जाते. ज्या रोगाने गरीब स्त्रिया मोठ्या संख्येने मरतात, त्याच्याच लसीविषयी गरीब घरांत संशय निर्माण झाला. आश्रमशाळा, वसतिगृहे आणि बालिकाश्रम चालविणाऱ्या आपल्या धर्मभगिनींनी आणि शिक्षकांनी हे प्रकरण विशेष लक्षात ठेवावे. मूल आपल्या छपराखाली राहते म्हणून त्याच्या शरीराविषयी आईबापांच्या जागी सही करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेतील हवासुपाई या लहान आदिवासी जमातीने १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी आपले रक्त दिले. त्यांच्यात मधुमेह फार होता आणि त्यावर इलाज मिळेल अशी त्यांची आशा होती. त्याच रक्तावर मनोविकारांचे आणि जमातीच्या मूळ स्थलांतराचेही संशोधन झाल्याचे त्यांना पुढे कळले. आपण या दरीतच जन्मलो ही त्यांची श्रद्धा, आणि त्यांच्याच रक्तातून त्याविरुद्ध पुरावा काढला गेला होता. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी तर २०१७ मध्ये आपल्याकडे येणाऱ्या संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि योग्य रीत ही तिची पाच तत्त्वे आहेत. ज्यांचा अभ्यास होत आला, त्यांनीच अभ्यासाचे नियम लिहिले.

आपल्या दारातील वाड्या

आता हमरापूरकडे वळू. काथ करणारे म्हणून कातकरी, अशी या नावाची फोड सांगतात. खैराच्या झाडापासून काथ काढण्याचा हा धंदा इंग्रजी अमदानीतील जंगल कायद्यांनी मोडला. मग कोळसा पाडणे, वीटभट्टी आणि परक्याच्या शेतावरील मजुरी हेच जगण्याचे साधन उरले. सप्टेंबर १९३० मध्ये उरण तालुक्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यातील हुतात्म्यांत नाग्या कातकरीही होता. अशा समाजाला अडाणी समजून त्याचे मत न विचारणे हे अज्ञानाचे लक्षण, आणि ते अज्ञान त्या समाजाचे नव्हे.

आरोग्याचा अभ्यास करणाऱ्याला या इतिहासातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट वेळेची. भात कापून झाले की वाडीतील कुटुंबे भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कोरड्या ऋतूत पाहणी करणाऱ्याला वाडीत म्हातारी माणसे तेवढी भेटतात. जे सर्वांत कष्टी आणि सर्वांत आजारी, तेच यादीतून गळतात. दुसरी गोष्ट बोलीची. कातकऱ्यांची स्वतःची बोली आहे. प्रमाण मराठीतील छापील प्रश्नाला मान हलली म्हणजे प्रश्न समजला असे नव्हे, आणि कागदावर अंगठा उठला म्हणजे संमती मिळाली असेही नव्हे. तिसरी गोष्ट जागेची. कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. उद्या कुंपण पडेल या धास्तीत राहणारा माणूस मालकाच्या ओळखीने आलेल्या पाहुण्याला मोकळेपणाने काय सांगणार?

या तिसऱ्या प्रश्नावर आपल्याच भागात एक अनुकरणीय काम झाले आहे. डॅनियल बकल्स आणि कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे राजीव खेडकर यांनी रायगड-ठाण्यातील कातकऱ्यांबरोबर वाड्यांच्या जमिनीचा आणि हुसकावले जाण्याच्या भयाचा अभ्यास केला. २०१३ मध्ये त्यावर इंग्रजी ग्रंथ निघाला. वाडीतील माणसांनी स्वतःची परिस्थिती स्वतः मांडावी, तिच्यावर एकत्र विचार करावा आणि त्यातूनच कृती ठरवावी, अशी त्यांची रीत होती. विषय जमिनीचा असला तरी आरोग्याच्या संशोधकाने ती गिरवावी अशी आहे. शिवाय, पायाखालची जमीन पक्की नसेल तर संडास, नळ आणि पक्के घर कोठून येणार? जमीन हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

शासकीय आकड्यांतही या लोकांवर पडदा पडतो. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये देशाच्या आदिवासी आरोग्याचा अहवाल दिला. देशात १० कोटी ४० लाख आदिवासी असून त्यांच्या आरोग्याविषयीची माहिती अपुरी आहे, आणि त्यांच्यातील निम्म्याहून अधिक लोक आदिवासीबहुल विकासखंडांबाहेर राहतात, हे त्यात स्पष्ट झाले. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, पण अनुसूचित क्षेत्राला मिळणारे घटनात्मक संरक्षण येथील कातकऱ्याला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आदिम जमातींसाठी पंतप्रधान जनमन योजना सुरू झाली आणि त्यानिमित्ताने वाड्यांची पुन्हा मोजणी झाली. हे स्वागतार्हच आहे. मोजणीनंतर वाडीला हिशेब मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.

आपले कर्तव्य

वाचकहो, आपल्या कुटुंबांत परिचारिका, डॉक्टर, शिक्षक आणि समाजकार्याचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. पाहणीची वही घेऊन वाडीत जाण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांवर येते. सव्वाशे वर्षांच्या या इतिहासाचे सार त्यांनी बरोबर न्यावे. अभ्यासाचा विषय ठरवण्याआधी वाडीला विचारावे की तुमचे दुखणे कोणते. प्रश्न वाडीतीलच एखाद्या बाईकडून तिच्या बोलीत करून घ्यावेत, आणि तिच्या दिवसाच्या मजुरीचा मोबदला तिला द्यावा. नाही म्हणण्याची मोकळीक खरी असावी. नकार देणाऱ्याचे औषध किंवा शिधा तुटणार नाही, हे त्याला आधी कळावे. आणि काम संपल्यावर जे आढळले ते सांगण्यासाठी, विद्यापीठात वाचण्यापूर्वी, पुन्हा वाडीत जावे.

यात वेळ जातो, खर्च वाढतो आणि कधी कधी हाती घेतलेला विषय सोडूनही द्यावा लागतो. गडचिरोलीत तसे घडले आणि त्यातूनच बालकांचे प्राण वाचवणारे काम उभे राहिले. मार्कलिखित शुभवर्तमानात आंधळ्या बार्तिमयाची कथा आहे. त्याला दिसत नाही हे भोवतालच्या साऱ्या गर्दीला ठाऊक होते. गर्दीने त्याला गप्प बसायला सांगितले. प्रभूने मात्र त्याला जवळ बोलावले आणि तुला काय हवे, असे आधी विचारले. उपचार त्यानंतर झाला. वाडीत जाणाऱ्याने हा क्रम उलटा करू नये.